चोवीसातले अठरा

१२ जानेवारी

चि. टायरसम्राटास,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. वाटेत मी दोनदा उतरले, दोनदा चढले आणि चढताना दर वेळी तुझा उद्धार केला. अरे, पिकअप आहे की माडी? जुन्या चाकांवर होती तेव्हा मी आपली टुणकन आत जाऊन बसायचे. आता आधी पाय वर टाकायचा, मग दांडी धरायची, मग कुणीतरी मागून ढकलायचं. तुझे भाऊजी म्हणतात, दगडी फरशा वाहायच्या तर जाड रिम आणि दणकट टायर हवेतच, बायकोसाठी स्टूल ठेवता येईल.

स्वारी भलतीच खुशीत आहे. वखारीतल्या चौघा ड्रायव्हरांना गेल्या वर्षी चाकं बदलायला यांनीच तुझ्याकडे धाडलं आणि स्वतःचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी लावला. त्यामुळे आता वखारीत मिरवणं चाललंय. यांच्याबरोबर फरशा चढवणारे-उतरवणारे आमचे पैलवान (वजन माझ्याहून कमी, पण नाव पडलं ते पडलं) प्रत्येक टायरला लाथ मारून पसंती देऊन गेले.

रोज सकाळी चहाच्या आधी हे वाकून चारही चाकांवरच्या पिवळ्या रेघा बघतात. पाना टक् वाजेपर्यंत नट आवळायचा आणि मगच नटावरून रिमवर रेघ ओढायची, रेघ सरळ आहे तोवर नट हललेला नाही, हे आपल्या अण्णांचं शास्त्र मला लग्नाआधीपासून पाठ आहे. हे ते आता मला नव्याने शिकवतात! निघताना घाई करून मी काढायला लावलेला फोटोही छान आलाय. मागच्या चाकाशी बसलेला तू अगदी शहाण्यासारखा दिसतोस, म्हणजे फोटो फसवा आहे.

अण्णांची तब्येत कळव. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून पत्रच लिही. लोभ आवळलेला असू दे.

तुझी ताई


१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. स्टूल मी करून पाठवतो, वर गादी हवी की नको ते कळव. तुझ्या वजनाबद्दल मी काही बोलत नाही, टायर दणकट आहेत.

दुकान बरं चाललंय. अण्णा रोज खुर्ची टाकून बसतात. डोळ्यांना कमी दिसतं तरी पान्याचे आवाज मोजायची खोड गेलेली नाही. पण हल्ली कानही जरा दगा देतात असं वाटतं. तुम्ही गेलात त्या दिवशी जेवताना भलताच आकडा सांगत बसले. मी हसण्यावारी नेलं. वय झालं, चालायचंच.

सगळ्यांना नमस्कार. तुझ्या शिव्या येत राहोत, हीच विनंती.

तुझा धाकटा

ता. क. सवड मिळाली तर भाऊजींना नटांवर एकदा पाना फिरवून घ्यायला सांग. विशेष काही नाही, आपली एक पद्धत.


२१ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल हातात पडलं. त्याच्या आदल्या दिवशी इथे नको ते घडलं. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

हे फरशा घेऊन चढावाच्या रस्त्याने निघाले होते. पहिल्या वळणावर मागचं डावं चाक निखळलं आणि खड्ड्यात जाऊन पडलं. पिकअप कलंडून कठड्याला टेकली. यांना खरचटलं, बस. पण पैलवानांचा उजवा हात कोपरात मोडलाय. प्लास्टर घातलंय. दवाखान्यात ते माझीच समजूत काढत होते.

यांच्याकडे बघवत नाही. वखारीत सगळे म्हणतात की माल जास्त भरला असेल, नाहीतर वळणावर वेगात असतील. त्याच दुकानातली चाकं चौघांनी वर्षभर वापरली, त्यांना काही झालं नाही, मग दोष कुणाचा? वखारीजवळच्या गॅरेजवाल्याने तर रिमवरच्या पिवळ्या रेघा बोटाने दाखवल्या आणि म्हणाला की ज्या दुकानात एवढी काळजी घेतात तिथला नट ढिला असणं शक्य नाही, हे चालवणाऱ्याचंच काम. तेव्हा तुझ्या नावाला जराही धक्का लागलेला नाही. तेवढं एक बरं झालं. अण्णांना बेताबेताने सांग.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कामं होती. वाचून वाईट वाटलं. असे प्रसंग कुणावरही येतात, रस्तेच तसे आहेत, भाऊजींनी फार मनाला लावून घेऊ नये. नवीन चाक आणि बाकी लागेल ते सामान आजच पाठवतोय. बसवायचं काम तिथल्याच गॅरेजकडून करून घ्या, मला इकडून निघणं जमणार नाही. पैलवानांना माझा नमस्कार सांग.

अण्णांनी दुकानात बसणं सोडलंय. म्हणतात, ज्याला मोजता येत नाही त्याने मोजायला बसू नये. मागच्या खोलीत रेडिओ लावून असतात, आवाज बारीक ठेवतात आणि ऐकू येतं का म्हणून स्वतःलाच तपासतात.

आणखी काय लिहू? स्टूल अर्धवट राहिलंय.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू दोन ओळींचा धनी झालास, म्हणून मीच लिहिते. राग नाही, पण मन मोकळं करायला मला दुसरं कोण आहे?

पिकअप दुरुस्त होऊन महिना झाला. हे तिला हात लावत नाहीत. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता वखारीच्या फाटकाशी बसून दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या फाडतो. ज्यांना यांनी गाडी शिकवली ते जाता-येता विचारतात की आज किती वेगात फाडल्या. हेही हसतात. घरी आले की जेवताना मध्येच थांबून हात उलटासुलटा करून बघतात. परवा म्हणाले, वळणावर मी नेहमीसारखाच होतो गं, पण नेहमीसारखा असतो तर असं कसं झालं असतं? पैलवानांच्या घरी जायचं टाळतात. पैलवान स्वतः आले तर मागच्या दाराने बाहेर पडतात.

आता पिकअप विकायला काढली आहे. महिनाअखेरीस गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार. एकदा ती गेली की हा माणूस पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे मला लख्ख दिसतंय.

तुझा शब्द ते मानतात. चाकांतलं तुला कळतं असं चारचौघांत सांगतात. तेव्हा त्यांना दोन ओळी लिही, की अशी चूक कुणाच्याही हातून होते. माझं एवढं काम कर.

तुझी ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अशी चूक कुणाच्याही हातून होत नाही. ती माझ्या हातून झाली.

तुम्ही निघालात त्या संध्याकाळी चारही चाकं बसवून गाडी खाली घेतली होती. सगळे नट आखूड पान्याने नुसते टेकवले होते, मग लांब पान्याने एकेक टक् वाजेपर्यंत आवळत होतो. तीन चाकं झाली. चौथ्याशी आलो, तेवढ्यात तू फोटोसाठी हाक मारलीस, उजेड चाललाय म्हणालीस. मी त्या चाकाशी बसलो, तर ते बोडकं दिसायला लागलं. बाकी तिघांवर रेघा आणि यावर नाही. फोटोत बरं दिसावं म्हणून मी ब्रश घेतला आणि न आवळलेल्या सहा नटांवर रेघा ओढल्या. मनात म्हटलं, फोटो झाला की आवळतो. मग तू अण्णांच्या पाया पडलीस, भाऊजींनी गाडी चालू केली, मी हात हलवला. ते मागचं डावं चाक.

जेवताना अण्णा म्हणाले की आज अठराच वाजले, चोवीस हवेत, सहा कुठे गेले? तेव्हाच फोन करायला हवा होता. पण फोन करायचा म्हणजे, तुझ्या नवऱ्याची गाडी मी फोटोसाठी तशीच सोडली, हे सांगायचं. मी अण्णांना म्हणालो की तुमचे कान गेलेत. मोठ्याने म्हणालो, वर हसलो. पाच दिवस वाट बघून पत्रात खाली एक ओळ लिहिली, तीही अशी, की तुम्हाला संशय येऊ नये. ती ओळ आठवली की अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

अपघात कळल्यावर तर बोलणं आणखीच अवघड झालं. भाऊजींना दोष दिला जातोय हे तू लिहिलंस आणि माझं नाव राखलं गेलं म्हणून समाधान मानलंस. ताई, ते वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहायला नको होतं, पण आता काही गाळायचं नाही असं ठरवलंय. तिथे एक माणूस आपले हात तपासत बसला आणि इथे एक आपले कान, आणि दोघांचंही काही बिघडलेलं नव्हतं.

काल अण्णांना सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला. मग एवढंच विचारलं, म्हणजे अठराच होते ना? मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. रागावले ते नंतर, तासाभराने. काय बोलले ते लिहीत नाही, पण एकही शब्द चुकीचा नव्हता.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. गाडी विकू देऊ नकोस. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही.

धाकटा


१९ मार्च

श्री. दुकानदार यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. यांना वाचून दाखवलं. चौथ्या चाकाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, म्हणजे मी वळणावर नेहमीसारखाच होतो. आणि ओंजळीत तोंड धरून रडले. अपघाताच्या दिवशी रडले नव्हते.

त्यांना हलकं वाटलं. मला नाही. तुझ्या नावावर खापर फुटलं नाही म्हणून मी बरं मानलं, तसं तुला कळवलं आणि तू ते वाचून मुकाट बसलास. नटाची चूक मी एखाद वेळी गिळीन. दोन महिने हा माणूस माझ्यासमोर वाळत गेला आणि तू मला स्टूल अर्धवट राहिल्याचं कळवलंस, ते घशाखाली उतरत नाही.

गाडीचा सौदा यांनी मोडलाय. त्यांची तुझ्याकडे एकच मागणी आहे. जे पत्रात लिहिलंस ते वखारीत येऊन सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. पैलवानही असतील. सव्वीस तारखेला सकाळी, माल भरायच्या वेळी. घरी येण्याची तसदी घेऊ नये.

कळावे.


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी आलो नाही. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. काय झालं ते भाऊजी सांगतीलच, पण ते कमी करून सांगतील, म्हणून लिहितो.

वखारीच्या फाटकाशी भाऊजी भेटले. मला बघून पुढे चालू लागले. आत मालक होते, गॅरेजवाला होता, चौघे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांत माल भरून घेत होते. पैलवान फरशांच्या थप्पीवर बसले होते. प्लास्टर निघालंय, पण हात कोपरात सरळ होत नाही. भाऊजींनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. शेवटी एवढंच बोललो की मागच्या डाव्या चाकाचे नट मी आवळले नव्हते, रेघा खोट्या होत्या, माल जास्त नव्हता, वेगही जास्त नव्हता, आणि हे मला त्याच रात्रीपासून ठाऊक होतं.

मला वाटलं, शिव्या देतील. कुणी दिली नाही. पैलवानांनी विचारलं की फोटो तरी चांगला आला का? त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

भाऊजींनी मालकांकडून आपल्या मालाची पावती घेतली आणि फरशा भरून ठेवलेल्या पिकअपमध्ये चढले. पैलवान डाव्या हाताने दांडी धरून शेजारी बसले. भरलेली गाडी फाटकातून बाहेर पडली आणि चढावाच्या रस्त्याला लागली. ताई, भाऊजी झकास चालवतात. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी निघणार होतो, तोच ड्रायव्हरांतले सगळ्यात वयस्कर, जे माझ्या दुकानात आले की किल्ली हातात देऊन निर्धास्त चहाला जायचे, ते आपल्या पिकअपच्या मागे गेले आणि गुडघे टेकून खाली बसले. मागच्या चाकाचा एकेक नट अंगठ्याने दाबून बघायला लागले. मग दुसरा गेला. मग राहिलेले दोघे. सगळ्यांच्या रेघा सरळ होत्या, मला उभ्या जागेवरून दिसत होत्या. लांब पाना माझ्या पिशवीत होता. मी तो काढून पुढे केला. वयस्कर ड्रायव्हर नको म्हणाले, अगदी सौम्यपणे, आणि गॅरेजवाल्याला त्याचा पाना आणायला सांगितलं.

या पत्रात लोभ मागत नाही. नुसतं कळवलं.

धाकटा