चालीवरचे डायनासोर

मंगळवार, दिवेलागणीनंतर

चूक माझीच. नातीला, स्वराला, शाळेत डायनासोरची बारा नावं पाठ म्हणायची होती. सूनबाई कामावर, म्हणून मीच तिला घेऊन बसले. आम्हाला मॅट्रिकपर्यंत हे प्राणी कुणी शिकवलेच नव्हते. ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस, ब्रॅकिओसॉरस करता करता आठवडाभरात माझी जीभ दमली. नुसती नावं दोघींच्याही डोक्यात राहीनात, तेव्हा मी ती स्तोत्राच्या चालीवर बसवली. मग पोरीला भराभर आली. केवढं बरं वाटलं होतं मला!

आज तिने वर्गात मांडी घालून, डोळे मिटून, त्याच चालीवर म्हटली. शेवटी नमस्कारही केला. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या म्हणे.

घरी आल्या आल्या दप्तर फेकलं. "आजी, तू मला काही शिकवू नकोस. तुला सगळं देवाचं म्हटल्यासारखंच येतं."

"अगं, पण एखादं नाव चुकलीस का?"

"नाही ना चुकले! म्हणून तर शेवटपर्यंत हसत होते."

चाल लावायला नको होती का? पण पाठ करायची दुसरी रीत मला कुठे येते?

दिवा लावला तेव्हा ती रोजच्यासारखी माझ्याजवळ बसली नाही. गॅलरीत माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. मी एकटीनेच हात जोडले, आणि तोंडून पहिलं आलं ते ट्रायसेराटॉप्स. थांबवायचंही त्राण नव्हतं. त्याच चालीत बाराही म्हटली.

देव काही हसला नाही.