अस्तराचं माप

प्रिय ठकू,

खूप खूप आशीर्वाद. दोन महिने झाले, मी येते म्हटलं की तू काहीतरी कारण काढतेस. आधी घराला रंग, मग पाहुणे, मग नळाचं काम. असू दे. आज भांडायला नाही, एक चूक कबूल करायला बसले आहे. नववीतल्या त्या तंतुकणिकेच्या बाबतीत तुझं पुस्तक बरोबर होतं आणि तुझी शिंपीण आई चुकली होती. वीस वर्षं लागली मला हे म्हणायला. घे आता हसून.

तंतुकणिकेची, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्राची, प्रतिकृती तुला शाळेत न्यायची होती. मी म्हटलं, त्यात काय, लांबोळकी पिशवी तर आहे, देते शिवून. तू कानीकपाळी ओरडत होतीस की आतलं आवरण बाहेरच्यापेक्षा खूप मोठं हवं, घड्या घालून कोंबलेलं. मी ऐकतेय कसली! वरच्या कापडाहून मोठं अस्तर बेतणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मापात माप बसवलं, एक सुरकुती राहू दिली नाही. बाईंनी वर्गात विचारलं, चुण्या कुठे आहेत? तू रडत घरी आलीस आणि मी पुस्तकालाच नावं ठेवली.

परवा ते पुस्तक माळ्यावरून काढून तीनदा वाचलं. अगं, सगळी गंमत त्या चुण्यांतच आहे की! अन्नातलं सत्त्व आणि श्वासातला ऑक्सिजन यांच्या जोरावर तिथेच एटीपी तयार होतं, आणि त्यावर पेशी चालते. चुण्या जितक्या जास्त, तितकी कामाला जागा जास्त. एवढ्याशा पिशवीत एवढं कापड बसवणाऱ्याच्या हाताखाली मी आनंदाने काज-बटणं केली असती. मग हट्टाने नवी पिशवी शिवली. अस्तर पाचपट घेतलं, दोन सुया मोडल्या, पण चुण्या अशा बसल्यात की तुझ्या बाईंनीही मान डोलवावी.

शिवताना तुझा जिना आठवत होता. शाळेतून आलीस की प्रत्येक वळणावर बसायचीस, आणि मी वरून हाका मारायचे, आळशांची राणी आली का गं? सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा. मी स्वतः मात्र दहा मिनिटं पॅडल मारलं की पोटऱ्या चोळत बसायचे आणि दोष मशीनला द्यायचे.

जावयांवर चिडू नकोस, मीच त्यांना खोदून खोदून विचारलं. तुझ्या तंतुकणिकाच अशक्त निघाल्या, आणि त्या आईकडूनच येतात, हे मला कळलंय. आईला लागेल म्हणून लपवलंस ना, वेडे? लागलं. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. पण त्याहून जास्त लागलं ते तुला आळशी म्हटल्याचं. ठकू, मला माफ कर. आता मी दिलंय, तर निस्तरायलाही मीच येणार. रविवारी येते आहे, पिशवी घेऊन. तुझ्या गोळ्या तिच्यात ठेव. तुझ्या घराला तीन जिने आहेत ना? तू खाली ये, घाई नाही. प्रत्येक वळणावर बसत बसत दोघी वर चढू.

तुझीच,
तुझ्याइतकीच आळशी आई