अर्धलीची कालवड

पाथर्डी,
१२ जानेवारी २०२५

चि. आरती,
अनेक आशीर्वाद. इकडे थंडी बेताची आणि माझे गुडघेही बेताचेच. पुण्यात तब्येतीला जप.

तुझ्या प्रबंधातलं व्याजाचं प्रकरण वाचलं. व्हिएन्नाचे पंडित म्हणतात, माणसाला उद्यापेक्षा आजचं प्यारं, म्हणून थांबणाऱ्याला व्याज. अमेरिकेतले म्हणतात, भांडवल मुळातच फळतं. दोघांना छान झुंजवलंयस. फक्त स्वल्पविराम दाट पेरलेत, थोडी विरळणी कर. 'थांबण्याचं मोल' हे माझं वर्गातलं वाक्य तू तसंच घेतलंयस. तिथे मी अडलो, ते तीन दिवस पुढे सरकलो नाही.

आईच्या दहाव्याला तू विचारलंस, "सर, आईनं इतके महिने दुखणं अंगावर का काढलं असेल?" मी कावळ्यांकडे बघत राहिलो. मला माहीत होतं.

माझी कालवड तुझ्या आईकडे, भागूबाईकडे, अर्धलीने होती, हे तुला ठाऊक आहे. जनावर माझं, चारापाणी तिचं, व्याल्यावर विकून येईल ते निम्मं निम्मं. माझ्या शब्दाशिवाय मध्येच विकायची नाही. भाद्रपदात तुझी आई माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"सर, पोटात लई कळा येत्यात. कालवड घोडेगावच्या बाजारात इकू. माजा वाटा आला की नगरला दाखवून येते."

कालवड पाच महिन्यांची गाभण होती. मी तुझ्या आईचा अख्खा तास घेतला गं. आज विकली तर मातीमोल जाईल, व्याल्यावर दुप्पट येतील, थांबणाऱ्याचंच भलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनता तर थांबते."

तिचा वाटा मी तेव्हाच पेन्शनीतून देऊ शकलो असतो. सुचलं नाही असंही नाही. पण जन्मभर शिकवलेलं कुणाला तरी पटलं, याचाच मला आनंद झाला. पोटात कुठे दुखतं, एवढंही मी विचारलं नाही.

मार्गशीर्षात ती गेली. परवा तीच कालवड व्याली, तिलाही कालवडच झाली. गोठ्यात उभा राहून मी लहान मुलासारखा रडलो.

दोन्ही जनावरं तुझी. यानं काही भरून येत नाही, कळतं मला. पण तुझ्या आईनं हयगय केली नव्हती, ती माझ्या शब्दावर थांबली होती. हे ठाऊक नसताना तू मला सर म्हणत राहावंस, हे आता सोसवत नाही.

ऋणनिर्देशात पहिलं नाव माझं आहे. ते खोड आणि तिथे तिचं लिही.

तुझ्या आईला थांब म्हणणारा,
बिभीषण