कोळी शेंड्याकडे निघतात

१ मार्च, रविवार

लिहीन लिहीन म्हणत वही बॅगेच्या तळाशीच राहिली. आईने निघताना हातात कोंबली होती, रोज चार ओळी तरी खरड म्हणाली होती. परदेशात येऊन बरेच दिवस झाले आणि पहिली ओळ आज उमटतेय. काय करणार, टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, बसलं की उठवत नाही. माशाच्या रश्श्यात प्राटा, म्हणजे इथला पराठा, बुडवून खायचा, आणि वर ती दूध ओढून फेसाळलेली चहा-कॉफी. असो. नोकरीबद्दल लिहायचं होतं.

आधी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी, मग तळेगावला जरबेऱ्याचं पॉलिहाऊस. त्याच्या आधी कॉलेज, ते जाऊ दे. आता इथल्या वन-नॉर्थ भागात एका संशोधन संस्थेच्या गच्चीवर काचेचं घर आहे आणि त्या घरात गांजा. खरंच. ज्याच्यापायी इथे माणसं फासावर जातात, त्याला पाणी घालायचा मला पगार मिळतो, तोही सरकारी परवान्याने. औषधाचं संशोधन चालतं. आतलं पान बाहेर जाता कामा नये, बाहेरचं आत येता कामा नये. दोन दारं, मधे कपडे बदलायची खोली, डोक्यावर कानांपर्यंत टोपी. खाली गेटवर सेल्वम अंकल, त्यांच्याशी माझं मोडकं हिंदी आणि त्यांचं त्याहून मोडकं.

राहतो सविता मावशीकडे. आईची मावसबहीण, इथे बँकेत आहे. तिची गार्गी सहावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. कॉरिडॉरमध्ये तुळशीची कुंडी आहे, तिला पाणी घालणं हे गार्गीचं काम. मावशीचा नेम असा की कामाला निघताना तुळशीचं पान कानावर हवं. गार्गी स्टुलावर चढून माझ्या कानावर पान खोचते, मग मी घराबाहेर. मला आवडतं ते. कुणीतरी निरोप देऊन पाठवल्यासारखं वाटतं.

८ मार्च

मागच्या रांगेतली पानं वरून सुई टोचल्यासारखी दिसली, फिकट ठिपके. मला वाटलं खताचं काहीतरी. मग पान उलटं केलं तर शिरेजवळ जळमट, इतकं बारीक की फुंकर मारल्यावरच चमकलं. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली. धूळ पडली. थोड्या वेळाने धूळ चालायला लागली.

लाल कोळी, पानांचा रस शोषणारी कीड. जरबेऱ्यावर पाहिलेत, ओळखायला भिंग लागलं नाही.

इथलं संशोधन बघणाऱ्या अदिती मॅडम आल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेल्या, माझ्याशी मराठीत बोलतात, रागावल्या की इंग्रजीत. औषधाची झाडं, म्हणून विष फवारायचं नाही. पानांची खालची बाजू साबणाच्या पाण्याने धुवायची, खराब फांद्या पिशवीत बंद करायच्या, हवा दमट ठेवायची, कारण कोरड्यात ही कीड फोफावते. शिवाय पुड्यांतून शिकारी कोळी सोडायचे, ते लाल कोळ्यांना खातात. आणि लवकर करा म्हणाल्या.

"झाड संपत आलं ना, की कोळी शेंड्याकडे निघतात. वर गोळा होतात, धागा सोडतात आणि वाऱ्याची वाट बघतात."

मग मॅडमनी विचारलं, आले कुठून? मी टोपीत बोट घातलं. पान कानावरच होतं.

१४ मार्च

तुळशीखाली कागद धरला. धूळ चालली.

कुंडी धुतली, कडुनिंबाचं तेल मारलं. गार्गी नाक दाबून म्हणाली, "दादा, you stink, lah." हात पुढे करून हसत होती. हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, फिकट ठिपके. सुई टोचल्यासारखे.

मावशीने तिला क्लिनिकमध्ये नेलं. एसीमुळे कातडी कोरडी पडलीय असं डॉक्टर म्हणाले, मलम दिलं. कोरड्यात फोफावते, हे मी मावशीला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझी पोर झाडासारखी दिसतेय म्हणून?

१७ मार्च

शिकारी कोळी मेले. पुड्यांच्या तोंडाशी नुसती सालं.

अदिती मॅडमना सगळं कबूल केलं, पान, टोपी, तुळस, गार्गीचे हात. वाटलं हाकलतील. हाकललं नाही. गार्गीचं ऐकून हसल्या. माणसावर हा कोळी जगत नाही, नीट झोप म्हणाल्या. झाडं सगळी नष्ट करायची, मग शनिवारी रिकामं काचघर बंद करून तापवायचं. उष्णतेपुढे काही टिकत नाही.

घरी कागदावर माझा कंगवा झटकला.

झटकायला नको होता.

१९ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीनंतर भान आलं तेव्हा काचघरातल्या शिडीच्या वरच्या पायरीवर होतो. हात वर. कधी चढलो, आठवत नाही. वर बरं वाटत होतं. ते सगळ्यात वाईट.

गार्गी कपाटावर बसून अभ्यास करते. मावशी म्हणते माकड झालीय. मी म्हटलं तिला खाली घे, खालीच ठेव. मावशी म्हणाली तूच जरा सुट्टी घे.

गार्गीच्या केसांतून पंख्यापर्यंत काहीतरी चमकत होतं —

२१ मार्च

मॅडम काचघर तापवायची कळ दाबून गेल्या तेव्हा मी आत पाण्याच्या टाकीमागे लपलो होतो. काचघर पूर्ण तापून निवेपर्यंत दारं उघडत नाहीत. माझ्यावरचे मरतील. मी मावशीच्या घरी नाही, म्हणजे गार्गीकडे नवे जाणार नाहीत. मग तिच्यासाठीही उष्णतेचंच काहीतरी — डॉक्टर ऐकेल — कोणीतरी ऐकेल.

मावशीला मेसेज टाकला, तुळस फेकून दे, गार्गीला एकटं सोडू नको. तिने अंगठा पाठवला.

शाई फुटतेय. घाम. टाकीच्या नळाला धरून बसलोय, नाहीतर पाय शिडीकडे —

इंटरकॉम. सेल्वम अंकल. त्यांना वाटतं मी कपड्यांच्या खोलीत बसलोय. माझ्याकडे पाहुणी आलीय म्हणतात. छोटी मुलगी, एकटी, एमआरटी मेट्रोने आली, पायात चप्पल नाही, कानावर पान. गोड आहे म्हणाले.

म्हटलं धरून ठेवा, बसवून ठेवा, खाली —

"पर वो तुमको नहीं पूछा. छत किधर है पूछा. मैंने लिफ्ट दिखा दिया."

दार उघडत नाही. मॅडम फोन उचलत नाहीत. काचेवर ठोकतोय, बाहेर गच्चीवर कोणी —

बाहेर छतावर चढायची देखभालीची शिडी वाजली.

वर, छताच्या काचेवर, दोन लहान तळपाय. हात वर केलेत तिने. आणि बाहेर वारा —