आधी खुर्चीचा ब्रेक

चिरंजीव धाकट्या भावास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा मुकाट्याने घे.) तुझी पाठ कशी आहे? माझ्या भावजयीचा खोकला गेला का, की फोनवर अजून तिच्याऐवजी खोकलाच बोलतो? माझं विचारशील तर खुब्याचं हाड डॉक्टरांच्या मते जुळलं आहे आणि माझ्या मते नाही. भूक लागते, झोप लागते, राग तर पूर्वीपेक्षाही उत्तम येतो. एकूण ठीक आहे म्हणायचं.

मला ह्या वृद्धाश्रमातून घेऊन जा असं मी मागच्या पत्रात खडसावून लिहिलं होतं, त्यावर तुझं उत्तर पोचलं. तू येत्या रविवारी येणार, खालची खोली माझ्यासाठी रिकामी केलीस, आणि चाकांची खुर्ची आत यावी म्हणून गवंड्याला बोलावून पुढच्या दाराचा उंबरठा फोडून उतार करून घेणार. वाचून रडू आलं. (हे तुला सांगायचं नव्हतं, पण शाईने लिहून बसले आहे आणि खाडाखोड मला खपत नाही.) तू येईपर्यंत निदान तुला कळावं, की तुझी बहीण इथे कोणाच्या तावडीत सापडली आहे. म्हणून हे लांबलचक पत्र.

इथे विद्यार्थी आले आहेत. वृद्धांची सेवा शिकवणारं कुठलंसं कॉलेज आहे, तिथली पोरं दोन महिने आमच्यावर सोडली आहेत. ह्याला ती मंडळी कामाचा अनुभव म्हणतात. अनुभव त्यांना, भोग आम्हाला. आता मी काही शिकाऊ लोकांना बिचकणारी बाई नव्हे, हे तू जाणतोस. जन्मभर ड्रायव्हिंग शिकवलं. डावं-उजवं न कळणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून भर रस्त्यातून फिरले आणि केसालाही धक्का लागला नाही. (पडले ती शेवटी स्वतःच्या न्हाणीघरात, तेही कोणी काही शिकत नसताना.) पण तिथे माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. इथे मीच गाडी आहे आणि ब्रेक कोणाच्याच पायाखाली नाही.

त्यांना पहिला धडा असा दिला आहे, की म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं काहीही करायचं नाही. धडा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण धडा चांगला असून भागत नाही, तो शिरायला डोक्यात थोडी जागाही असावी लागते. परवा एका मुलाने माझ्यासमोर सुपाची वाटी ठेवली, ती कलंडली आणि सूप माझ्या मांडीवर ओघळायला लागलं. आणि हा शहाणा हात मागे बांधून, कमरेत वाकून मला विचारतो आहे, की आजी, तुमची वाटी मी सरळ केली तर चालेल का. मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. त्याला वाटलं, माझा विचार चालला आहे. माझा विचार संपेपर्यंत सूप संपलं, मग त्याने चादर बदलण्याची परवानगी मागितली.

दुसरा धडा असा, की म्हाताऱ्यांना जुन्या आठवणी सांगायला आवडतं. त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकजण येऊन बालपण मागतो. माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त टायपिस्ट बाई आहेत. त्यांनी पहिल्या दोघांना खरं बालपण सांगितलं, पण तिसरी आली तेव्हा त्यांना स्वतःचाच कंटाळा आला, म्हणून तिला सांगितलं, की माझे वडील जहाजावर कप्तान होते. चौथ्याला सांगितलं, की ते सर्कशीत होते, आणि हत्ती घरी जेवायला यायचा. हे चारही दिवटे दुपारी एकत्र बसले, चारी बालपणं शेजारी शेजारी मांडली आणि निष्कर्ष काढला, की बाईंची स्मृती गेली. आता त्या बाईंना रोज रंगीत ठोकळे देऊन लाल कोणता, पिवळा कोणता असं विचारतात. बाई सूड म्हणून लालला हिरवा म्हणतात. प्रकरण कुठवर जाईल सांगता येत नाही.

ह्यावर कडी केली ती त्यांच्या मॅडमनी. मुलांना म्हातारपण आतून कळावं म्हणून त्यांनी एका मुलाच्या कानात कापूस घातला, चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासलं, गुडघ्यांना पट्ट्या आवळल्या आणि खुर्चीत बसवून पांघरूण घालून व्हरांड्यात नेऊन ठेवलं. मग मॅडमना फोन आला, बाकीच्यांना चहा आला, आणि तो मुलगा राहिला तिथेच. तेवढ्यात पाळी बदलली. नवीन आया कामाला लागली, तिने पांघरुणातला तो जीव पाहिला आणि आत नेला. त्याच्या गळ्यात फडकं बांधलं, त्याला कुस्करलेलं केळं भरवलं आणि निजवून खाटेचा कठडा वर केला. तो ओरडत होता, की मी विद्यार्थी आहे. आया प्रेमाने म्हणत होती, हो हो, इथे सगळे असंच म्हणतात. सापडला तेव्हा पोरगा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने सांगितलं म्हणे, की ओरडून सांगितलं तरी कोणी ऐकत नाही, हे मला कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरे, आम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, आमच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही.

पण हे सगळे परवडले म्हणावेत अशी एक त्यांच्यात आहे. तिचं नाव मी धांदल ठेवलं आहे. अंगाने काडी, चालताना स्वतःच्याच पायात अडकते, आणि दारातून जाताना दाराची माफी मागते. हिच्याबद्दल नीट सांगायला हवं, त्याआधी इथली मोज्यांची पद्धत सांगते. इथे जे चालू शकतात ते आपापल्या चपला घालतात आणि बागेकडच्या खोल्यांत राहतात. ज्यांना उचलून ठेवावं लागतं त्यांना करडे लोकरी मोजे मिळतात, आणि ते आमच्या ह्या बाजूला. मोजे उबदार आहेत, मऊ आहेत, आणि ज्या दिवशी ते माझ्या पायात चढवले त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

तर ह्या मुलांची परीक्षा असते ती करड्या मोज्यांवर. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, त्याचे पाय जमिनीला टेकवायचे, आपले गुडघे वाकवायचे, एक-दोन-तीन म्हणून त्याला उभं करायचं आणि वळवून खुर्चीत बसवायचं. आणि सगळ्यात आधी खुर्चीचा ब्रेक लावायचा. धांदलला हे सगळं पाठ आहे, फक्त ब्रेक सोडून. सरावाच्या पहिल्या दिवशी तिने टायपिस्ट बाईंना खुर्चीऐवजी जेवणाच्या ट्रेमध्ये बसवलं. तेव्हापासून करड्या मोज्यांतल्या एकूण एक बायकांनी तिला नकार कळवला आहे. एक मी राहिले. मी होकार दिला तो दयेपोटी नाही. तिने इतक्या वेळा परवानगी मागितली, की माझं डोकं उठलं. परीक्षेत आपटली तर तिचे वडील कॉलेज बंद करून तिला दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार आहेत, असं तिने एकदा पट्टा आवळता आवळता सांगितलं. मी म्हटलं, गल्ला निदान घरंगळत तरी नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात व्हायचं ते झालं. दुपारी तिने पडदे ओढले, पट्टा बांधला, गुडघे वाकवले, एक-दोन-तीन झालं. ब्रेक अर्थातच नव्हता. तिची टाच लागली, खुर्ची निघाली ती थेट दारापर्यंत, खुर्चीपाठोपाठ तिचा पाय गेला, आणि ही माझ्या पट्ट्याला लोंबकळत खाली. जन्मभराची सवय, रे. शिकाऊ माणूस चुकला की माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. मी एका हाताने खाटेचा कठडा धरला, दुसऱ्या हाताने तिचा एप्रन धरला, आणि दोन्ही पाय दाबले. फरशीवर. ती खालून डोळे विस्फारून माझ्याकडे पाहत म्हणाली, "आजी, तुम्ही उभ्या आहात."

"ठाऊक आहे मला. तू आडवी आहेस, तुझं बघ."

असं मी बोलले खरं, पण मी भयंकर घाबरले होते. इतक्या महिन्यांत पायाखाली जमीन लागली नव्हती. आया चांगल्या आहेत, पण त्यांच्यामागे कामाचा रगाडा असतो. दोघी येतात, बगलेत हात घालतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मला खुर्चीत टाकतात. माझ्या पायांना काही करण्याची वेळच येत नाही. ह्या काडीला मी उचलली जात नव्हते, म्हणून इतके दिवस नकळत माझेच पाय थोडा थोडा भार घेत असणार. (ह्यात तिचं काडीइतकंही श्रेय नाही. तिला जमत नव्हतं म्हणून झालं, एवढंच.) आम्ही दोघी मग खाटेच्या काठावर बसलो. ती रडायला लागली. मीही रडले असेन, लक्षात नाही.

ही गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. मॅडमना ब्रेकचं कळलं तर धांदल परीक्षेआधीच बाद होईल. आणि मी उभी राहते हे कळलं तर माझे मोजे काढून मला बागेकडे हलवतील, आणि परीक्षेला चपलवाली बाई चालत नाही. म्हणून मी दिवसभर मढ्यासारखी पडून असते. आया उचलतात तेव्हा मुद्दाम अंग जड करते, त्या आपसात कुरकुरतात, की आजी वजनाने वाढल्या. आणि दुपारी पडदे ओढले, की धांदल माझा दंड धरते आणि मी खिडकीपर्यंत जाऊन येते. ती शिकते आहे म्हणशील तर छे. काल पुन्हा ब्रेक विसरली. मी तिला गाडी शिकवायचे तशीच शिकवते, म्हणजे आधी अपमान आणि मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या टायपिस्ट बाई झोपेचं सोंग घेतात आणि खुर्चीचा ब्रेक राहिला, की खोकतात. तू समजतोस तेवढी ही जागा वाईट नाही. वाईटच आहे, पण तेवढी नाही.

असो. ह्या पोरांच्या हाती उद्याचे म्हातारे जाणार आहेत, म्हणजे त्यांत तूही आलास. तुझी मला काळजी वाटते. पाठ सांभाळ, जड उचलू नकोस, आणि भावजयीला माझ्या वतीने काढा पाज.

तुझी,
ताई

ता. क. येत्या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्या रविवारी ये. परीक्षा ह्या दोन रविवारांच्या मधल्या गुरुवारी आहे, आणि मी निघून गेले तर त्या मुलीला उचलायला कोणी नाही. माझं तिच्यावर प्रेम वगैरे जडलं आहे असा चुकीचा समज करून घेऊ नकोस. माझ्या हाताखालचा एकही शिकाऊ आजवर परीक्षेत आपटलेला नाही, आणि ही परंपरा एका काडीमुळे मोडावी अशी माझी इच्छा नाही, इतकंच.

आणखी एक. गवंडी आला असेल तर त्याला चहा देऊन परत पाठव. उंबरठा फोडू नकोस. तो मला ओलांडता येईल. सावकाश येईल, तुझा हात धरून येईल, आणि पाय अडकला तर तुलाच शिव्या बसतील, पण येईल.

शेवटचं, आणि पत्र खरं म्हणजे ह्यासाठीच लिहिलं आहे. दवाखान्यातून मला इथे आणलं त्या दिवशी तू माझ्या तपकिरी चपला कागदात गुंडाळून, पिशवीत घालून परत घेऊन गेलास. मी झोपले आहे असं तुला वाटलं, पण मी पाहत होते. मी त्याबद्दल तुला कधी विचारलं नाही, कारण तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटलं होतं. येताना त्या घेऊन ये. डाव्या पायाच्या चपलेचा पट्टा उसवलेला होता, तेवढा आधी शिवून घे.