काडीपेटी माझ्यापाशी हाय

अहो,

तुमची फाईल घेऊन मी नांदेडला चालले. गळ्याला रेडिएशनचे शेक कधीपासून द्यायचे, ती तारीख डॉक्टर आज देणार हायेत. पातळ खिचडी डब्यात हाय, चहा थर्मासमध्ये. गिळताना दुखलं तर कोमट पाणी प्या.

उद्धवभावजी येतील. लोक आजाऱ्याला बघायला केळी आणतात, भावजी बिडीचं बंडल आणतात. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आणतात, मला कळतंय. पण फोनवर सांगितलंय त्यांना, हात हलवत या. तरी आणलंच, तर परत द्या.

"आता कॅन्सर झालाच हाय, मग सोडून काय फायदा?" असं तुम्ही सारखं म्हणता. मागच्या खेपेला मी डॉक्टरला हेच विचारलं. ते म्हणाले, बिडी चालू ठेवली तर शेक नीट लागू पडत न्हाई. आता सोडली तरी लई फरक पडतो.

काल तुम्ही देवापुढच्या दिव्यावर बिडी पेटवली. मी दारातून बघितलं. म्हणून आज दिवाच लावला न्हाई. काडीपेटी अन् गॅसचं लायटर माझ्या पिशवीत हाय. लग्न होऊन या घरात आल्यापासून सकाळचा दिवा कधी चुकला नव्हता. देवाला सांगितलंय, संध्याकाळी मी येईपर्यंत थांब.

तो थांबंल. तुम्ही पण थांबा.

तारामती