मामाजी अजून गुहेतच आहेत

नागपूर,
७ सप्टेंबर १९८६

प्रिय केशवभाऊजी,

प्रेमिलावहिनीचा सप्रेम जय भीम मस्कतला पोचो. इथे सर्व मजेत. सासूबाईंचे गुडघे पावसाबरोबर दुखतात आणि पावसाबरोबर थांबतात. तुमचे दादा आणखी गोल झाले आहेत. तुमची खुशाली तुम्ही लिहाल तर कळेल (दोन ओळींवर तिकडे जकात लागते का?). एवढी विचारपूस झाल्यावर आता मुद्द्याचं सांगते. तुमचे बाबा, म्हणजे आमचे मामाजी, गेल्या रविवारपासून गुहेत अडकले आहेत. घाबरू नका, जेवायला येतात.

तुम्ही मित्राच्या हाती पाठवलेला तो हातातला खेळ याच्या मुळाशी आहे. मला वाटलं होतं, साबणाच्या वडीएवढी डबी, आत एखादा बाहुला असेल, त्याला थोडं पळवायचं आणि पुन्हा भाजी चिरायला बसायचं. पण यात बाहुला नाहीच! काचेत गुहेची भिंत दिसते आणि बटण दाबलं की ती आपल्याच अंगावर चालून येते. म्हणजे गुहेत दुसरं कुणी नाही, आपणच. वटवाघळं आपल्याच तोंडावर, खड्डा आपल्याच पायाशी, आणि शेवटच्या दाराआड राक्षस आपलीच वाट बघत बसलेला. जवळ एकच बाण. राक्षस मारायचा, खजिना घ्यायचा आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडायचं. तुमच्या दादांनी पहिल्याच दिवशी बाण वटवाघळावर उडवला आणि मग राक्षसाने त्यांना इतक्यांदा खाल्लं, की त्याला अजीर्ण झालं असेल.

मामाजी आधी चष्म्यावरून नुसते बघायचे. एक दिवस विहारातून आले आणि हात पुढे केला, “पाहू दे वं, काय हाय ते.” तेव्हापासून डबी त्यांचीच. पण सध्या वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने व्रताचे, चालू आहे. रोज विहारात पंचशील घेऊन घरी यायचं आणि आल्या आल्या बाण मारायचा, हे त्यांना पटेना. दादा म्हणाले, “बाबा, चित्र हाय ते!” मामाजी म्हणाले, “चित्र राहो का खरं राहो, बोट तं माहं हाय ना?” प्रश्न विहारात गेला. ग्रंथवाचन संपल्यावर सगळे म्हातारे उपासक यावर असे भांडले, की चहा गार झाला आणि कुणाला शुद्ध नाही. (अर्धे म्हणत, चित्रात जीव नसतो. उरलेले म्हणत, मारायचं मनात आलं तिथेच शील मोडलं. डबी हातात घेऊन बघायला मात्र दोन्ही बाजूंचे सारखेच धडपडत होते.) शेवटी मामाजींनी स्वतःच ठरवलं. बाण मारायचा नाही, कारण पहिलं शील, जीव घ्यायचा नाही. खजिना घ्यायचा नाही, कारण तो आपल्याला कुणी दिलेला नाही. मग आत जायचं कशाला, असं मी विचारलं. “पाहून येतो,” म्हणाले, जणू पचमढीला निघालेत.

बरं, खेळावं तर बसून खेळावं. पण नुसत्या अंगठ्याने वळलं तर त्यांची दिशा चुकते. म्हणून गुहेत डावीकडे वळले की अंगणातही डावीकडे वळतात, गुहेत चालले की इथेही चालतात. परवा असेच नजर काचेवर ठेवून फाटकाबाहेर पडले आणि थेट शेजारच्या पार्वतीबाईंच्या अंगणात. तिथे पोत्यावर भिवापूरच्या मिरच्या वाळत होत्या. त्या ओरडल्या, “भाऊ, माह्या मिरच्या!” मामाजींनी मान वर न करता विचारलं, “बाई, इकडून रस्ता हाय का?” मग दोघंही इतकी शिंकली की आळी गोळा झाली. शिंकताना मामाजी खड्ड्यात पडले (गुहेतल्या), त्याचा राग त्यांनी मिरच्यांवर काढला.

आणि गेल्या रविवारी दुपारी ते राक्षसापर्यंत पोचले. एकालाही न मारता! घर श्वास रोखून मागे उभं. काच आधीच फिकट पडत चालली होती. राक्षस एकेक पाऊल पुढे येतोय आणि मामाजी बटणाला बोट न लावता उभे. दादांना राहवेना, “दाबा ना बटन! काहून थांबून राहिले?” मामाजी म्हणाले, “गप गा. आपण त्याले काही केलं नाही तं तो काहून करन?” राक्षसाने काच भरून टाकली. आणि त्याच क्षणी सेल संपला.

आता राक्षसाने खाल्लं, की वाट दिली, कुणाला ठाऊक? जरीपटक्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे भैयाजी म्हणाले, असला चपटा सेल नागपुरात मिळणं कठीण. दादा ट्रान्झिस्टरचे सेल तारेने जोडायला निघाले होते. मी तार हिसकावून घेतली. अहो, आत मामाजी आहेत! (नवा सेल टाकला की खेळ पहिल्यापासून सुरू होतो म्हणे. हे मामाजींना सांगायची हिंमत घरात कुणाचीच नाही.) चहाला हाक मारली तर म्हणतात, “मी अजून आतच आहो. इथंच आणून दे.”

बाकी भेटीत. 

तुमची,
प्रेमिलावहिनी

ता.क. तेव्हा तसले दोन सेल पाठवावेत, ही विनंती.

ता.क. २. मामाजी म्हणतात, पोस्टाने नको, वाटेत हरवतात. दसऱ्याला स्वतःच घेऊन या. दीक्षेला यंदा तीस वर्षं होतात. त्या गर्दीत तुम्ही त्यांच्या खांद्यावर बसला होता, हे ते हल्ली रोज सांगतात. आता खांद्यावर मावणार नाही, पण सोबत चालायला तरी या.

ता.क. ३. पत्र चिकटवणार तोच भैयाजी आले. कुठल्याशा घड्याळातला नेमका तसाच सेल सापडला. मामाजींनी तो कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि मला म्हणाले, “केशवले लिहू नको. सेल नाही म्हटलं तं येईन तो.” मी विचारलं, “मामाजी, आणि चौथं शील? खोटं बोलायचं नाही ना?” तर म्हणतात, “मी कुठं बोलून राहिलो? पत्र तं तू लिहून राहिली.”

शील माझंही आहे, भाऊजी, म्हणून खरं तेच लिहिते. सेल आहे. तरी या.